वीतभर हिरवी वायर

वायरमन लोकांत त्याला ‘वीतभर’ म्हणत. तोंडावर वीतभर काका, पाठीमागे नुसतंच वीतभर. माणूस चांगला सहा फूट उंच होता, तेव्हा नाव काही उंचीवरून पडलेलं नव्हतं. कुणाच्याही घरी नवा प्लग पॉइंट काढायचा असो की जुना बदलायचा असो, हा गडी लाल आणि काळी वायर मापात तोडायचा आणि हिरवी मात्र गरजेपेक्षा वीतभर जास्त ओढायचा. तो जास्तीचा तुकडा बॉक्समध्ये नीट दुमडून ठेवायचा आणि मगच वरून सॉकेट कसायचा.

‘‘अरे, तुझ्या सगळ्या बॉक्सांतली हिरवी वायर काढून जोडली तर शेजारच्या गावापर्यंत जाईल,’’ इलेक्ट्रिकच्या दुकानाचा म्हातारा मालक त्याला म्हणायचा. ‘‘लोणचं घालतोस का तिचं?’’

‘‘कमी पडण्यापेक्षा बरी,’’ एवढंच बोलून हा पिशवी उचलायचा.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. काम सुरू करण्याआधी तो टेस्टर चालू पॉइंटला लावून बघायचा, टेस्टर खरं बोलतोय याची खात्री करायचा. मग मेन बंद करून चिनीमातीचा फ्यूज उपसायचा आणि घरात जी कोणी स्वयंपाक करत असेल तिच्या हातात द्यायचा. ‘‘हा धरून बसा. खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. मी मागेन तेव्हाच द्यायचा.’’ चांगल्या नातवंडं झालेल्या आज्या तो पांढरा फ्यूज हातात घेऊन शिक्षा झालेल्या पोरींसारख्या खुर्चीवर बसायच्या. एखादी म्हणायची, ‘‘काका, माझे हात पिठाचे आहेत हो.’’ तो म्हणायचा, ‘‘मग धुवा, पुसा, कोरडे करा आणि धरा. माझा जीव आहे तो.’’ बायकांना ती थट्टा वाटायची. पण हा कधी थट्टेत बोलत नसे, मुळात थट्टा करायचं त्याने फार पूर्वीच सोडलं होतं.

काम संथ. दोन तासांच्या कामाला हा अर्धा दिवस लावणार, हे गिऱ्हाइकांनी धरूनच ठेवलेलं असे. पण त्याने हात लावलेल्या घरात कुणाला साधी झिणझिणी आल्याचं ऐकिवात नव्हतं. एकाच घराच्या स्वयंपाकघरात त्याने चोवीस वर्षांत पेचकस लावला नव्हता. ते घर त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं होतं.

लहानपणापासून तो तिला ठमे म्हणायचा. ती आता पंचावन्नची, तो त्रेसष्टचा, तरी ठमेच. एकतिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हा पदरात पाच वर्षांचा मुलगा होता. तेव्हापासून दर रविवारी सकाळी भाऊ तिच्या दारात हजर. बाहेरच्या खोलीचा पंखा, पाण्याची मोटर, दाराची घंटा, गळका नळ, भाच्याची सायकल, पुढे भाच्याची नोकरी, सगळं त्यानेच पाहिलं. नवरा गेल्यावर महिन्याच्या आत त्याने तिच्या मेनजवळ एक नवा स्विच बसवला होता. करंट कुठे गळला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या घराची लाइन तोडणारा. त्या काळी ती वस्तू फारशी कुणाकडे नसायची. ‘‘भाऊ असावा तर असा,’’ शेजारीपाजारी म्हणायचे. ते ऐकलं की याला बाहेरचं काहीतरी काम आठवायचं.

बहिणीची तऱ्हा वेगळी. तिच्या खांद्यावर सदानकदा एक कोरडं फडकं. नळाचे चार थेंब फरशीवर पडले तरी ती हातातलं काम टाकून खाली बसायची आणि पुसायची. ओल्या पायाने कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर त्याची धडगत नसे. भाचा लहानपणी म्हणायचा, ‘‘आमच्या घरात मासेसुद्धा पाय पुसून येतील.’’ सगळे हसायचे, तीही हसायची आणि पुसत राहायची. भावाला वाटे, एकेकाला एकेक वेड असतं.

त्या स्वयंपाकघरात चालू पॉइंट एकच होता. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, नळाच्या बाजूला, भिंतीत एक कोरी झाकणी स्क्रूने बसवलेली होती, आणि रंगाचे दोन हात तिच्यावरून गेले होते. फ्रिज, मिक्सर, चहाची किटली, सगळ्यांना त्या एकाच पॉइंटवर दिवस काढावे लागायचे. मग सून आली, नात आली, बाटल्या उकळायचं यंत्र आलं, आणि एक्स्टेंशन बोर्डची वायर फरशीवरून लोळायला लागली. नात रांगायला लागली तशी ती वायरच तिला खेळणं म्हणून आवडली. आणि एके दिवशी सुनेने फ्रिजचा प्लग काढला तर त्याची एक पिन काळीठिक्कर पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं.

‘‘मामा, आता तुम्हीच आईंना सांगा,’’ सुनेने तो प्लग त्याच्यापुढे धरला. ‘‘मी सांगितलं की म्हणतात, एका पॉइंटवर इतकी वर्षं भागलं. उद्या आग लागली तर?’’

त्याने प्लग उलटासुलटा करून पाहिला. दुसऱ्या कुणाच्या घरी हे पाहिलं असतं तर त्याने त्या माणसाची हजेरी घेतली असती. इथे त्याने प्लग खिशात टाकला. मग म्हणाला, ‘‘रविवारी करतो.’’

रविवारी तो पिशवी घेऊन आला. भाचा कामावर गेला होता. त्याने जागा ठरवली. नळापासून चांगली दोन हात लांब, गॅसची वाफ पोचणार नाही अशी, आणि पोरीचा हात जाणार नाही इतकी उंच. पेन्सिलीने खूण केली, भिंत ठोकून मागे पाण्याचा पाइप नाही याची खात्री करून घेतली. नव्या पॉइंटला बोर्डापासून स्वतंत्र, जाड वायर टाकायची, दिव्याच्या वायरीतून भीक मागायची नाही, हेही ठरलेलंच होतं. प्रश्न होता वायर न्यायची कुठून.

‘‘खिडकीच्या बाजूने नवी खाच पाडतो,’’ तो म्हणाला.

‘‘एवढी भिंत फोडणार?’’ सून म्हणाली. ‘‘त्यापेक्षा ही झाकणी आहे ना. इथपर्यंत भिंतीतून पाइप आलेलाच असेल. इथून फक्त दोन हात खाच पाडली की झालं.’’

सून हुशार होती. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि ते त्याला तिच्याआधी माहीत होतं. त्या झाकणीपर्यंतचा पाइप त्यानेच टाकलेला होता. तो स्टुलावर चढला आणि झाकणीच्या कडेचा रंग पेचकसाच्या टोकाने खरवडायला लागला. आतली लाइन त्यानेच त्या वेळी बोर्डाकडून तोडून टाकली होती. निम्म्याने उघडू, सुनेला कळायचं नाही, आतलं काय ते काढून खिशात घालू आणि वरून नवी वायर ओढू, असा त्याने मनाशी हिशेब मांडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

चोवीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी याच भिंतीत त्याने बहिणीसाठी पॉइंट काढला होता. मेव्हण्याने नवी विजेची शेगडी आणली होती. पत्र्याची, चकचकीत. तिला आज रात्रीच ती लावून बघायची होती. ह्याला एका दुकानाचं काम उरकायचं होतं, पाय एक आत एक बाहेर. लाल आली, काळी आली, हिरवी मात्र पाइपच्या तोंडाशीच संपली. सॉकेटच्या स्क्रूपर्यंत वीतभर कमी. पिशवीत तुकडा नव्हता. हिरवी वायर म्हणजे वाट चुकलेल्या करंटला दाखवलेली घराबाहेरची वाट. तिच्यावाचूनही शेगडी तापते, पंखा फिरतो, सगळं चालतं. बिघाड होईपर्यंत तिची आठवणसुद्धा येत नाही. त्याने तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली, सॉकेट बसवला, आणि म्हणाला, ‘‘ठमे, जरा काम राहिलंय, उद्या येतो.’’ काय राहिलंय ते सांगितलं नाही, आणि तोपर्यंत शेगडी लावू नका हेही सांगितलं नाही. बहिणीसमोर कच्चं काम कबूल करायची लाज वाटली असेल, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच आला. सायकलच्या हँडलला हिरव्या वायरीचं वेटोळं लटकवून आला. दारात माणसं उभी होती.

शेगडीची कॉइल तुटून पत्र्याला चिकटली होती, असं नंतर सगळे म्हणाले. वस्तूच भंगार, असं म्हणाले. त्यानेही मान हलवली. तिसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्याने बोर्डाकडची लाइन तोडली, सॉकेट काढून फेकून दिला आणि तिथे कोरी झाकणी बसवली. टेप गुंडाळलेल्या त्या हिरव्या टोकाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. ते तसंच भिंतीत राहिलं.

दोन स्क्रू निघाले होते. तेवढ्यात खाली पोरीने दुधाचा पेला उलटा केला आणि भोकाड पसरलं.

‘‘पूस, पूस लवकर!’’ बहीण बाहेरून धावत आली.

‘‘पुसते हो आई, तिला आधी उचलते. पाच मिनिटांनी काय बिघडतंय?’’

‘‘पाच मिनिटांतच बिघडलं होतं!’’ बहीण ओरडली. इतक्या मोठ्याने, की पोरगी रडायची थांबली. बहीण गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागली आणि मान वर न करता सुनेला म्हणाली, ‘‘तुला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी सकाळी माझ्या हातून कळशी हिंदकळली. इथेच. म्हटलं, मग पुसते. तुझे सासरे अनवाणी आत आले, ओल्यात उभे राहिले आणि शेगडी सरकवायला गेले. कोरडी फरशी असती तर झटका बसून बाजूला झाले असते, असं तेव्हा एक जण बोलला होता. मी ऐकलं होतं. मीच मारलं त्यांना.’’

स्टुलावर उभ्या माणसाच्या हातातला पेचकस तिथल्या तिथे थांबला.

चोवीस वर्षं त्याला वाटत होतं, हे ओझं आपण एकट्याने वाहतोय. ते कुणाच्या डोक्यावर द्यायचं नाही, एवढाच आपला मोठेपणा, असंही त्याला कधीकधी वाटायचं. आणि ही इथे खाली बसून त्याच्या वाटणीचंही पुसत होती. दर रविवारी त्याच्या डोळ्यांसमोर. त्याने एकदाही विचारलं नाही, ठमे, तू एवढं का पुसतेस? विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. त्याला स्वतःची किळस आली, आणि भीतीही वाटली. ही बहीण सोडली तर त्याला या जगात आपलं असं कोणी नव्हतं. सांगितलं तर हे दार बंद. नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत पुसत राहणार.

तो स्टुलावरून उतरला. ‘‘पोरीला घेऊन जरा बाहेर बस,’’ तो सुनेला म्हणाला. ‘‘धूळ उडेल.’’

सून गेली. त्याने टेस्टर चालू पॉइंटला लावून पाहिला. मग बोळातल्या बोर्डाशी जाऊन मेन पाडला, फ्यूज उपसला, परत आला आणि बहिणीला खुर्चीवर बसवून तो तिच्या हातात दिला.

‘‘मला कशाला? मी का गिऱ्हाईक आहे?’’

‘‘धर, ठमे. खाली ठेवू नको.’’

मग त्याने उरलेले दोन स्क्रू काढले. झाकणी रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून आली. आत कोळिष्टकं होती, आणि पाइपच्या तोंडातून बोटाच्या पेराएवढं हिरवं टोक बाहेर आलेलं, काळी टेप गुंडाळलेलं. त्याने हातातली बॅटरी त्यावर धरली.

‘‘हे बघ. ही हिरवी वायर त्या दिवशी मी जोडली नव्हती. कमी पडली म्हणून टेप लावून सोडून दिली. ही जोडलेली असती ना, तर शेगडीचा बिघडलेला करंट हिच्यातून निघून गेला असता, फ्यूज उडाला असता. तुझे यजमान चिडले असते, बस. फरशी ओली असो की कोरडी. तू नाही मारलंस त्यांना. पाणी सांडल्याने माणूस मरत नाही, ठमे. मी केलं ते.’’

ती त्या टोकाकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. तिने विचारलं, ‘‘किती कमी पडली होती?’’

त्याने हाताचा पंजा फाकवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

तिने त्याच्या पंजाकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या फ्यूजकडे. उठली आणि तो फ्यूज घेऊन बोळाकडे निघून गेली.

बोर्ड तिकडेच होता. तिची पावलं तिथे जाऊन थांबलेली त्याला ऐकू आली. तो त्या उघड्या बॉक्सपुढे उभा राहिला. आतली लाइन तुटलेली आहे हे त्याला ठाऊक होतं. पण नवी वायर जोडायची तर बोर्डातल्या उघड्या टोकांना आज त्याचाच हात लागणार होता, आणि फ्यूज तिच्या हातात होता. त्याने टेस्टर उचलला आणि चालू पॉइंटला लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. स्वतःच्या बहिणीवर आपण टेस्टर लावला याची त्याला लाज वाटली, पण लावला. काम करताना नातं बघायचं नाही हे तो ज्या दिवशी विसरला होता, त्या दिवसाचं फळ समोर भिंतीत होतं.

मग त्याने काम केलं. टेपचं टोक पक्कडीने धरून ओढलं. जुनी वायर पाइपातून सळसळत बाहेर आली. छिन्नीने दोन हात खाच पाडली, नवा बॉक्स बसवला, तीन वायरी बोर्डापासून सलग ओढल्या, मध्ये कुठे सांधा ठेवला नाही. बोर्डाशी वायर जोडायला तो बोळात गेला तेव्हा बहीण तिथे, बोर्डाखालीच, पाटावर भिंतीला टेकून बसलेली होती. तिने त्याला वाट दिली. वर पाहिलं नाही. सून मध्येच पाण्याचा तांब्या घेऊन आली तर बहिणीने तिला हातानेच परत पाठवलं, बोर्डाकडे कुणाला फिरकू दिलं नाही. वर त्याच्या उघड्या बोटांत तांब्याच्या तारा होत्या आणि खाली तिच्या मुठीत फ्यूज. असं पाऊण तास चाललं.

सॉकेट कसताना त्याने प्रत्येक वायर ओढून पाहिली. हिरवी वीतभर जास्त होती, ती दुमडून आत बसवली. मग बोळात आला.

‘‘झालं,’’ तो म्हणाला.

तिने मूठ उघडली. फ्यूजच्या कडा तळहातावर उमटल्या होत्या. ‘‘चोवीस वर्षं मी फरशी पुसतेय, दादा.’’

‘‘हो.’’

‘‘तू बघत होतास.’’

त्याने हातातला पेचकस खिशात घातला.

तिने उठून स्वतःच्या हाताने फ्यूज बसवला. त्याने मेन वर केला. घरातला फ्रिज घरघरला. ‘‘आता ती हिरवी काय करते ते मला दाखव,’’ ती म्हणाली.

त्याने तपासणीचा बल्ब पिशवीतून काढला. दोन तारांचा, साधा. तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला, तिला दोन पावलं मागे उभं केलं, एक तार नव्या सॉकेटच्या लाइनला आणि दुसरी हिरवीच्या भोकाला लावली. बल्ब नुसता लुकलुकला आणि खट्कन घरातलं सगळं बंद पडलं. फ्रिज थांबला. बाहेरच्या खोलीतला पंखा मंदावत गेला. ती दचकली.

‘‘काय झालं? बिघडलं?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘असंच व्हायला हवं. करंटला वाट मिळाली, आणि मेनजवळच्या त्या स्विचने लाइन तोडली. त्या दिवशी तो स्विच नव्हता, पण हिरवी असती तर फ्यूजने हेच केलं असतं. लाइन जाते, माणूस राहतो.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच.’’

त्या गप्प झालेल्या घरात ती ओट्याला धरून उभी राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती, तेव्हा तिला वाटत होतं की आपल्याला रडायचा हक्क नाही. तो दोन हात लांब उभा राहिला. जवळ जायचा हक्क आता त्याचा नव्हता.

आवाज ऐकून सून धावत आली, तिच्यामागून पोरगी रांगत. सुनेने मघाशी परत नेऊन स्वयंपाकघराच्या दारात ठेवलेल्या तांब्याला पोरीचा धक्का लागला आणि सगळं पाणी फरशीभर पसरलं. सून सवयीने सासूकडे बघत जागच्या जागी थांबली.

बहिणीने पाण्याकडे पाहिलं. पाणी ओट्याखाली गेलं, भावाच्या चपलेपर्यंत आलं. तिने डोळे पुसले, खांद्यावरचं फडकं काढलं आणि भावापुढे धरलं.

‘‘आता तू पूस,’’ ती म्हणाली.

त्याने ते घेतलं. गुडघे धरलेले होते, तरी तो ओट्याला धरून खाली बसला आणि पुसायला लागला. एकदा पुसलं, पिळलं, पुन्हा पुसलं. ती वर उभी राहून बघत होती.

‘‘त्या कोपऱ्यातही,’’ ती म्हणाली. ‘‘तिथे राहतं.’’